लोकांचा धाक आणि नाथांचा निर्भय संसार

रंगपंचमीचा रंग अंगावरून पुरता उतरलेला नसतो, तोच दुसऱ्या दिवशी फाल्गुन वद्य षष्ठी उजाडते. तत्पूर्वीच मराठवाड्यातील वाटांवर टाळमृदंगांचा नाद सुरू झालेला असतो. खांद्यावर पताका आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या दिंड्या उन्हातान्हाची पर्वा न करता गोदावरीकाठच्या पैठणकडे निघालेल्या असतात. शके 1521 मध्ये याच तिथीला श्रीएकनाथमहाराजांनी गोदामाईच्या प्रवाहात देह ठेवला. नाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना लाभलेला श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि स्वामींचे निर्वाण याही घटना परंपरा याच तिथीला मानते. म्हणूनच भाविक हिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात.

पैठणात गेलेल्या यात्रेकरूचे पाय दोन ठिकाणी आपोआप वळतात. एक नदीकाठचे समाधिमंदिर आणि दुसरा गावातील नाथांचा वाडा. या वाड्यात एक रांजण आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि भाविक गोदावरीचे पाणी आणून तो भरू लागतात. श्रीखंड्या नावाच्या सेवकाच्या रूपाने भगवंताने या घरी पाणी भरले, तो हा रांजण. आजही तो स्वतः येऊन आपली घागर ओतून जातो, तेव्हाच रांजण काठोकाठ भरून वाहू लागतो, अशी श्रद्धा आहे.

श्रीखंड्याची कथा आपण मुलाबाळांना मोठ्या आवडीने सांगतो. परंतु भगवंताने पाणी भरावे असे त्या घरात होते तरी काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पैठणात विद्वानांची घरे होती, श्रीमंतांचे वाडे होते, सोवळेओवळे काटेकोर पाळणारी कुळे होती. नाथांचे घर त्यांच्याहून कशाने वेगळे होते? प्रस्तुत लेखकाला वाटते, त्या घराच्या उंबऱ्याच्या आत एका धन्याला प्रवेश नव्हता. त्या धन्याचे नाव ‘लोक’. आपल्या घरी मात्र देवाच्याही आधी त्याचीच पूजा बांधलेली असते. पंगतीत किती पक्वान्ने करायची, मुलीच्या लग्नात कर्ज किती काढायचे, मुलाने कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, सणाच्या दिवशी कोणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचे आणि कोणाला बाहेरून निरोप द्यायचा, हे सारे आपण ठरवतो असे आपल्याला वाटते; ठरवतो मात्र हा अदृश्य धनी. “लोक काय म्हणतील?” एवढे तीन शब्द उच्चारले की घरातील भल्याभल्यांचे विचार थांबतात.

धर्मपीठाच्या गावात

नाथांनी हा धनी नाकारला तो अरण्यात जाऊन नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. ते पैठणात राहिले. पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी आणि पुढे धर्मनिर्णयाचे मोठे पीठ. आळंदीच्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी याच गावच्या ब्रह्मवृंदासमोर उभे राहावे लागले होते. येथील पंडितांनी ‘शुद्ध’ म्हटले तर माणूस शुद्ध, त्यांनी वाळीत टाकले तर त्याचे पाणी बंद. अशा गावात, त्याच गल्लीत, त्याच घाटावर नाथांनी आयुष्य काढले. त्यांचे पणजोबा भानुदास हे थोर विठ्ठलभक्त. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. पुढे देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींची सेवा करून, तीर्थयात्रा करून ते परतले आणि गुरूंच्या आज्ञेने गृहस्थाश्रमी झाले. गिरिजाबाईंसारखी समविचारी सहधर्मचारिणी त्यांना लाभली.

देवगिरीवरील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. स्वामींनी सोपवलेल्या हिशेबात एका पैची चूक राहिली. सारे निजले असता नाथ दिव्याच्या उजेडात वह्या चाळत बसले आणि उत्तररात्री चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. गुरूंच्या एकाग्रतेच्या उपदेशासाठी ही कथा सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या रात्री त्यांना पाहणारे कोणी नव्हते. ती टाळी शाबासकीसाठी नव्हती आणि ती चूक कोणी दाखवलेलीही नव्हती. आपला हिशेब आपणच तपासावा आणि तो जुळल्याचे समाधान आपल्याच अंतःकरणात व्हावे, ही सवय त्यांना तरुणपणीच लागली होती. ज्याचा हिशेब आतल्या आत चोख असतो, त्याला शेजाऱ्याच्या वहीत आपल्या नावे काय लिहिले आहे याची धास्ती उरत नाही.

तापलेली वाळू आणि श्राद्धाचे अन्न

एके दिवशी माध्याह्नी नाथ गोदावरीवर निघाले असता तापलेल्या वाळवंटात एक लहान मूल रडत उभे असलेले त्यांना दिसले. मूल गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. त्याला उचलावे तर विटाळ, न उचलावे तर कोवळे पाय भाजतात. घाटावर पाहणारे डोळे असतीलच. नाथांनी मूल कडेवर घेतले, त्याचे नाकडोळे पुसले आणि त्याच्या आईबापांच्या दारी नेऊन पोचवले. या कथेत चमत्कार नाही. कदाचित म्हणूनच ती आपल्या मनाला अधिक बोचते, कारण देवाने साहाय्य केले म्हणून नाथांना ते जमले, असे म्हणण्याची सोयच ती आपल्याला ठेवत नाही.

दुसरी कथा त्यांच्या घरच्या पितृश्राद्धाची. स्वयंपाकाचा सुवास रस्त्यावर दरवळत होता. तेथून जाणाऱ्या, गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या भुकेल्या कुटुंबाला त्या अन्नाची वासना झाली. असे अन्न आपल्या नशिबी कुठले, हे त्यांचे शब्द नाथांच्या कानी पडले. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्यांना बोलावून पोटभर जेवू घातले. मग घर सारवून, स्नान करून पुन्हा सोवळ्याने दुसरा स्वयंपाक केला. तरीही निमंत्रित ब्राह्मणांनी पानावर बसण्याचे नाकारले. तेव्हा नाथांचे पितर स्वतःच येऊन जेवून गेले, असे चरित्रकार सांगतात.

या कथेतील पितरांचे आगमन सर्वांना आठवते. मला मात्र तो दुसरा स्वयंपाक अधिक महत्त्वाचा वाटतो. नाथांनी श्राद्ध टाकले नाही. विधीची चेष्टा केली नाही. “तुमची रूढी मला मान्य नाही” असे म्हणून ते दार लावून बसले नाहीत. भुकेल्याला अन्न हे आधीचे कर्तव्य, म्हणून ते आधी केले. पितरांचे कार्य हेही कर्तव्य, म्हणून ते पुन्हा नव्याने मांडले. आणि त्या दुपारी चुलीपुढे दुसऱ्यांदा बसलेल्या गिरिजाबाईंनी कपाळाला आठी घातल्याचे कोणताही चरित्रकार सांगत नाही. घरच्या माणसाची अशी साथ नसती, तर नाथांचे धैर्य किती दिवस टिकले असते, याचाही विचार वाचकांनी करावा.

लोकांच्या दडपणातून सुटणे म्हणजे लोकांना झिडकारणे, असा समज अलीकडे बळावला आहे. ‘मी कोणाची पर्वा करीत नाही’ असे मोठ्याने सांगणारा मनुष्य बहुधा कोणाला तरी ते ऐकवीत असतो. म्हणजे पर्वा करीतच असतो. नाथांची गोष्ट निराळी होती. स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक उद्दाम मनुष्य पुनःपुन्हा थुंकला आणि ते तितक्याच वेळा शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, अशी आख्यायिका आहे. एकशे आठ वेळा असे घडल्यावर तोच थकला आणि पायांवर पडला. निंदेचे भय नाही आणि निंदकाचा रागही नाही, अशी ती अवस्था. भय गेले पण राग उरला, तर दोरी तुटली पण गाठ गळ्यातच राहिली, असे होते.

काशीचा कौल

याहून मोठी कसोटी विद्वानांकडून आली. नाथांनी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहावयास घेतली होती. पहिले अध्याय पैठणात झाले आणि त्यांची प्रत काशीस पोचली. देववाणीतील ज्ञान प्राकृतात आणल्याचा तेथील पंडितांना संताप आला आणि नाथांना जाब देण्यासाठी काशीस जावे लागले. या ठिकाणी दोन मार्ग सोपे होते. एक, क्षमा मागून ग्रंथ सोडून द्यावा. दुसरा, वादात प्रतिपक्षाचा अपमान करून परतावे. नाथ तिसऱ्या मार्गाने गेले. त्यांनी आपला ग्रंथ त्या पंडितांना वाचून दाखवला. ज्यांनी जाब विचारला, तेच ऐकता ऐकता श्रोते झाले आणि ग्रंथ येथेच पूर्ण करा असा आग्रह त्यांनी धरला. शके 1495 मध्ये, म्हणजे सन 1573 मध्ये, कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीतच अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ सिद्ध झाला. आज आपण ज्याला एकनाथी भागवत म्हणतो तो हाच.

काशीच्याच वास्तव्यात नाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. उपवर मुलीचे लग्न जमावे म्हणून या ग्रंथाचे पारायण करण्याची चाल आपल्या घरोघरी आहे. आई मुलीला पाटावर बसवते, पोथी पुढे ठेवते आणि रोज वाचायला सांगते. परंतु त्या पोथीत काय आहे, याकडे आईचे किंवा मुलीचे लक्ष गेले आहे का? रुक्मी नावाच्या भावाने बहिणीसाठी शिशुपाल निश्चित केला होता. मंडप सजला होता, वऱ्हाड आले होते, सारी विदर्भनगरी या विवाहाची वाट पाहत होती. अशा वेळी त्या राजकन्येने आपले अंतःकरण कोणाला वाहिलेले आहे हे ओळखून स्वतःच्या शब्दांत पत्र लिहिले आणि एका ब्राह्मणाहाती ते द्वारकेला पाठवले. जी पोथी आपण स्थळ लवकर ठरावे म्हणून वाचायला देतो, ती ठरवून टाकलेले स्थळ नाकारणाऱ्या कन्येची आहे. पारायणाची सांगता करताना आईने मुलीला एवढेच विचारावे, “बाळ, तुझ्या मनात काय आहे?” मग ते पारायण खऱ्या अर्थाने फळाला आले असे म्हणता येईल.

घरातील दडपण

बाहेरच्या निंदेला तोंड देणे एक वेळ सोपे. आपल्याच माणसाने घातलेली अट फार कठीण असते. नाथांच्या जीवनातील हा अध्याय भाविक सहसा घाईने उलटतात, पण मला तो सर्वांत मानवी वाटतो.

नाथांचे चिरंजीव हरिपंडित मोठे शास्त्री झाले. वडिलांचे मराठीतून पुराण सांगणे, वाटेल त्याच्या घरी अन्न घेणे त्यांना पटेना. अखेर ते घर सोडून काशीस निघून गेले. नाथ त्यांना परत आणण्यासाठी गेले, तेव्हा पुत्राने दोन अटी घातल्या: यापुढे प्राकृतात प्रवचन करायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. ज्या नाथांनी पैठणच्या आणि काशीच्या ब्रह्मवृंदापुढे आपला मार्ग सोडला नाही, त्यांनी पुत्रप्रेमाखातर दोन्ही अटी मान्य केल्या.

पुढे काय झाले? हरिपंडित स्वतः संस्कृतात पुराण सांगू लागले. विद्वत्तेत उणे नव्हते, पण श्रोते हळूहळू कमी झाले. शेतकरी, कारागीर, बायाबापड्या, ज्यांना नाथांच्या शब्दांत आपले जगणे सापडत होते, त्यांची पावले वाड्याकडे वळेनाशी झाली. नाथ मौन होते. अशातच एक वृद्ध स्त्री आली. सहस्र ब्राह्मणांना भोजन घालण्याचा तिचा संकल्प दारिद्र्यामुळे राहून गेला होता. नाथांना जेवू घातले तर तो पूर्ण होईल अशी तिची श्रद्धा. परान्न न घेण्याची अट असल्याने हरिपंडितांनी तिच्या घरी जाऊन स्वतः स्वयंपाक केला. नाथ जेवले. हरिपंडित पत्रावळ उचलू लागले, तर तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, अशी ही कथा ताहराबादच्या महिपतींच्या संतचरित्रांमुळे घराघरांत पोचली. पुत्राचा अभिमान गळाला. त्याने वडिलांना विनवले, “आपण पुन्हा आपल्या वाणीने बोलावे.”

कथेतील पत्रावळी ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. तिच्यातले सत्य मात्र प्रत्येक घरातले आहे. प्रेमाच्या नावाने घातलेली अट प्रेमाने स्वीकारली, तरी मनुष्याचा स्वधर्म त्यात गुदमरतो, आणि त्याची झळ त्याच्यापाशी सावलीला आलेल्या साऱ्यांना लागते. नाथ गप्प झाले तेव्हा केवळ एक वक्ता थांबला नाही. कितीतरी लोकांचे कान उपाशी राहिले. आपल्या घरात कोणाला आपण असे गप्प केले आहे काय? गाणे सोडलेली सून, शेती करू इच्छिणारा पण कारकुनीत अडकलेला मुलगा, निवृत्तीनंतर काही नवे शिकावेसे वाटणारे पण ‘या वयात शोभत नाही’ म्हणून ओसरीवर बसून राहिलेले वडील. हरिपंडित दुष्ट नव्हते. त्यांना वडिलांची प्रतिष्ठाच जपायची होती. आपणही बहुधा प्रतिष्ठा जपण्यासाठीच आपल्या माणसाला गप्प बसवतो.

एक चैत्रगौर

येथे थोडे स्वतःच्या घरातले सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू मोठ्या थाटाने होई. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची आरास, सारे काही माझ्या आत्याच्या हातचे असे. आत्याला तारुण्यातच वैधव्य आले होते आणि ती आमच्याकडेच राही. डाळ वाटून, आरास मांडून झाली आणि बायका येऊ लागल्या की ती मागच्या खोलीत जाऊन बसे. आत जाताना दार स्वतःच ओढून घेई. तिला तसे कोणी सांगत नसे. सांगण्याची वेळच ती येऊ देत नसे.

आईला ते खुपत होते. एकदा तिने वडिलांजवळ विषय काढला. वडील स्वभावाने मायाळू; पण ते एवढेच म्हणाले, “माझे काही नाही गं, पण लोक काय म्हणतील?” आई गप्प बसली. पुढच्या वर्षी पाहू, त्याच्या पुढच्या वर्षी पाहू, असे करता करता कितीतरी चैत्र गेले आणि एका पावसाळ्यात आत्या गेली.

त्यानंतर जमलेल्या बायकांपैकी एकेक जण आईपाशी बसून हळूच बोलली. “दरवर्षी मनात यायचे, वन्संना बाहेर बोलवावे. पण तुमच्या घरचे तुम्हाला काय वाटेल म्हणून राहून गेले.” तिघी-चौघींनी तरी हेच सांगितले. आईने हे मला पुष्कळ वर्षांनी सांगितले, तेव्हा तिचा आवाज कापत होता. ती म्हणाली, “ज्यांना मी भ्यायले त्या बायका मलाच भीत होत्या रे. मग ते लोक होते तरी कोण?”

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आपण सारे एकमेकांच्या भीतीने एका बंद दाराची राखण करीत होतो आणि दाराआड एक जिवंत माणूस बसलेले होते. सन 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही इतर गावांना त्याचा आदर्श घेण्यास सांगितले, हे वर्तमानपत्रात वाचले, त्या दिवशी आई असती तर, असे वाटून गेले. ठराव गावाचा असतो. दार मात्र ज्याचे त्यालाच उघडावे लागते.

मूळ पाठ

नाथांनी शके 1506 मध्ये, सन 1584 मध्ये, आणखी एक फार मोठे कार्य केले. तीन शतकांच्या ओघात ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलकारांच्या हातून आणि हौशी लोकांच्या भरीने पुष्कळ अपपाठ शिरले होते. नाथांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून ग्रंथ शुद्ध केला. इतके मोठे कवी असूनही त्यांनी त्यात स्वतःची एकही ओवी घातली नाही आणि पुढेही कोणी घालू नये असे बजावून ठेवले.

माणसाच्या आयुष्याचेही असेच होत असावे. जन्माला येताना प्रत्येकजण भगवंताच्या हातचा एक मूळ पाठ घेऊन येतो. मग कोणी भीतीने, कोणी हौसेने, कोणी मायेने त्यात आपापल्या ओळी घुसडतो. चाळिशी-पन्नाशीला आलो की ही पोथी आपलीच का, असा प्रश्न पडतो. नाथांनी ज्ञानेश्वरी फाडली नाही आणि नवीही लिहिली नाही. रोज थोडे बसून, ओळ न् ओळ तपासून, जे मूळचे नाही ते त्यांनी बाजूला केले. लोकांच्या दडपणातून सुटण्याची वाट हीच आहे. तिच्यात एका दिवसाचे बंड नाही. दिव्याच्या उजेडात बसून केलेला रोजचा हिशेब आहे. हे मी श्रद्धेने करतो की दाखवण्यासाठी? हा खर्च देवासाठी की शेजाऱ्यासाठी? हे ‘नाही’ माझे की कोणाचे उसने घेतलेले?

नाथषष्ठीनंतर सप्तमी, आणि अष्टमीला पैठणात काल्याची दहीहंडी फुटते. कोणाच्या शिदोरीतले काय हे कोणी विचारीत नाही. सारे एकत्र कालवून वाटले जाते. मग अमावास्या, पाडवा, आणि तृतीयेला घरोघरी चैत्रगौर बसेल. डाळ वाटली जाईल, पन्ह्यात वेलची पडेल, बायका येऊ लागतील. त्या संध्याकाळी आपल्या घरातील मागच्या खोलीचे दार ओढलेले आहे का, एवढे प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने पाहावे. ओढलेले असेल तर ते उघडावे. नाथांच्या वाड्यातील रांजण भरायला पैठणला जावे लागते. ही एक घागर मात्र ज्याला त्याला आपल्या घरीच ओतता येईल.